पातळ पत्रा मिलिंगला धरायचा कसा?

मिलिंगसाठी, म्हणजे फिरत्या कटरने कापण्यासाठी, 1 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळला की मधोमध फुगतो. कडांना क्लॅम्प लावले तर कडा बसतात, मधला भाग मोकळाच राहतो. त्यात नेहमीच्या एंड मिलचा (मिलिंगच्या कटरचा) पीळ चिप, म्हणजे कापलेला चुरा, वर काढणारा. चिपेबरोबर तो पत्राही वर ओढतो. मग पत्रा डफासारखा थरथरतो, कडेला बर (धारदार कंगोरा) येते, कधी कटरच तुटतो. म्हणून पत्रा खालून, सगळ्या पृष्ठभागावर धरायला हवा.

त्यासाठी सर्वांत स्वस्त जोडी म्हणजे मास्किंग टेप आणि सुपर ग्लू. टेबलावर 12 मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) स्क्रूने आवळा आणि त्याच मशीनवर त्याला अर्धा मिमी फेसिंग मारा (वरचा थर कापून सपाट करा), म्हणजे कटची खोली सगळीकडे सारखी मिळते. ताज्या फेसिंगवर मात्र टेप नीट चिकटत नाही, कारण वरचे तंतू सुटे झालेले असतात. वॉर्निशचा एक हात देऊन, वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवा. पत्र्याचे तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता एमडीएफ आणि पत्रा, दोन्हींवर टेपच्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवा. एकीवर दुसरी चढली की तिथे पत्रा उंच बसतो, आणि 0.2 मिमीच्या कटमध्ये एवढा फरकही दिसतो. पट्ट्या जुन्या कार्डाने घासून दाबा, एका बाजूच्या टेपवर ग्लूच्या नागमोडी रेषा ओढा, पत्रा एमडीएफवर बसवा आणि वजन ठेवून मिनिटभर थांबा.

हा जोड आडव्या जोराला चांगला टिकतो, सोलणाऱ्या जोराला नाही. उष्णतेनेही ग्लू ढिला पडतो. त्यामुळे बोथट कटर इथे दुहेरी शत्रू. 3 मिमीचा, एका फ्लूटचा (एकाच कापत्या धारेचा) धारदार कटर घ्या, एका पासला 0.2 ते 0.3 मिमीच उतरा आणि हवेने चिप उडवत राहा. पाण्याचा कूलंट सोडू नका, तो टेपखाली शिरतो.

खालची हवा ओढून पत्रा धरणाऱ्या व्हॅक्यूम टेबलची भुरळ अनेकांना पडते. पूर्ण निर्वात झाला तरी दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. 10 बाय 10 सेंमीच्या तुकड्यावर 100 किलो, पण 2 बाय 2 च्या तुकड्यावर जेमतेम 4, आणि आडवा जोर पेलणारे घर्षण त्याच्याही काही हिश्शाएवढेच. शिवाय कटर आरपार गेला की फटीतून हवा आत येते. छोट्या जॉबना टेपच बरी. नखाएवढ्या तुकड्यांना टेपखेरीज 4 मिमी रुंद, 0.3 मिमी जाड टॅबही (न कापलेले छोटे दुवे) ठेवा आणि नंतर कानशीने साफ करा.

काढताना पत्रा वर ओढलात तर वाकलाच समजा. पातळ पट्टी कडेने आडवी सरकवा. टेप सुटते आणि ग्लू टेपवरच राहतो.