वरची पापडी आणि खालचा कडक थर: दोन्हींवर नांगर हे उत्तर नाही

"जमीन घट्ट झाली" असं कोणी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: खोल नांगरून घ्या. घट्ट कुठे झाली, हे कोणी विचारतच नाही.

पापडी, म्हणजे मातीच्या वरच्या पृष्ठभागावर जमणारा पातळ कडक थर, सगळ्यांच्या ओळखीची आहे. पेरणीवर जोराचा पाऊस पडतो, मग ऊन तापतं आणि ज्वारीचा कोंब अडतो. पीक ओळीत दिसू लागलं की डवरा (ओळींमधली माती हलवणारं कोळपं) फिरवा, पापडी फुटते.

खरा घोळ खालच्या थराचा. तो वीतभर खोलीवर असतो आणि बरेचदा नांगरानेच तयार केलेला असतो. दरवर्षी फाळ त्याच खोलीवर घासतो, ट्रॅक्टरचं एक चाक तासातून, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरातून, चालतं. रोटाव्हेटर तर चार-पाच इंचांवरच फिरतो. वर माती भुसभुशीत दिसली म्हणून खालीही सगळं बरं आहे, हे मला अजिबात मान्य नाही.

गहू फुटव्यावर असताना वाफशावर, म्हणजे माती ना चिकट ओली ना पूर्ण कोरडी असताना, फूट-दीड फूट खड्डा खोदा. मुळी सरळ उतरत उतरत एकदम आडवी वळलेली दिसली, तर थर तिथेच आहे. मग टोकदार सळई जागोजागी खुपसा. सगळ्या वावरात एकाच खोलीवर अडली तर ते नांगराचं काम, फक्त पट्ट्यापट्ट्यांत अडली तर चाकांचं. मोकळ्या जमिनीत गव्हाची मुळं मीटरभर जातात. इथे ती वरच अडकतात. दाणा भरायच्या वेळी खाली ओल असूनही झाडाला मिळत नाही आणि दाणा बारीक राहतो.

"आमच्या हार्वेस्टरचे टायर रुंद आहेत" हे उत्तर अर्धंच खरं. रुंद टायरने वरच्या मातीवरचा दाब कमी होतो. दाब किती खोल जाणार, हे मात्र आसावरच्या वजनावर ठरतं. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा, टाकी भरलेला हार्वेस्टर त्याच्या कितीतरी पट जड. ऑक्टोबरच्या ओल्या वावरात तो सोयाबीन काढतो आणि लगेच तिथेच गहू पेरला जातो. सगळ्यात जास्त माती पहिल्याच फेरीत दबते. म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली दरवेळी त्याच चाकोरीने न्या, धान्य धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) येऊन रिकामं करा आणि वाफसा नसेल तर दोन दिवस थांबा.

थर सापडलाच तर एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना, सबसॉयलर (माती न उलटता खोलवर फोडणारा ट्रॅक्टरचा दाता) त्या थराच्या थोडा खालून चालवा. ओल्या मातीत तो नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून बरीचशी आपोआप मोकळी होते, त्यामुळे खड्डा न पाहता भाड्याचं यंत्र बोलावू नका.

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत मात्र सबसॉयलर नकोच. चिखलणीने (लावणीआधी पाण्यात माती कालवल्याने) झालेला तोच थर तिथे पाणी धरून ठेवतो, तो फोडला की पाणी खाली झिरपतं. तिथे धानानंतर गव्हाचा हट्ट धरण्यापेक्षा उभ्या धानात फेकलेली लाखोळी (एक कडधान्य) किंवा जवस मला जास्त पटते.