पाळणाघर सुरू करताय? शॉप अ‍ॅक्ट काढण्याआधी हे वाचा

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाळणाघर, डे केअर सुरू करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“पाळणाघराचं लायसन काढून द्या, किती दिवस लागतील?” फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. पण पाळणाघराचा म्हणून एका खिडकीवर हातात पडणारा एकच परवाना पुण्यात नाही. आहे तो कागदांचा संच: जागेचे कागद, सोसायटीचं पत्र, शॉप अ‍ॅक्ट, जेवण देत असाल तर अन्ननोंदणी, आगीची तयारी, मदतनीस ताईंची पोलीस पडताळणी. प्रत्येक कागद वेगळ्या ठिकाणाहून येतो आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या कागदावरचं नाव आणि पत्ता उचलला जातो. पहिला कागद चुकला की ती चूक शेवटच्या कागदापर्यंत जाते.

वेळ खाणारी चूक

आमच्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये सगळ्यात वरती शॉप अ‍ॅक्टची पावती असते. जवळच्या सायबर कॅफेत एका दिवसात काढलेली. त्याखाली भाडेकरार, तोही कधी नुसता नोटरी केलेला. सोसायटीचं पत्र नसतंच. म्हणजे शेवटी करायचं काम आधी झालेलं असतं.

शॉप अ‍ॅक्ट म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि तिची पावती मिळते. तुम्ही व्यवसाय सुरू केल्याचं कळवलंत, एवढाच तिचा अर्थ. त्या फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवायला कोणी परवानगी दिली, असं ती पावती सांगत नाही. सोसायटीच्या सभेत ती पुढे करून काही उपयोग होत नाही तो यामुळेच. शिवाय व्यवसाय सुरू झाल्यापासून ही सूचना द्यायला कायद्यानंच ६० दिवस दिले आहेत. जागा पक्की होण्याआधी ती काढायची घाई कशासाठी?

घाईत काढलेल्या पावतीत चार गोष्टी हमखास चुकलेल्या असतात.

पत्ता. लाईट बिलावर ‘बी-४’, भाडेकरारात ‘फ्लॅट क्र. ४, बी विंग’, टॅक्सच्या बिलावर नुसता सर्व्हे नंबर आणि बिल्डरचं नाव. आपल्याला ती एकच जागा दिसते. बँकेत चालू खातं उघडताना किंवा कंपनीशी करार करताना कागद तपासणाऱ्याला मात्र तीन जागा दिसतात. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोली या भागांत ही अडचण जास्त येते. ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण जुन्या खरेदीखतांत अजून ‘ग्रामपंचायत’ लिहिलेलं आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेत येऊन पुन्हा बाहेर पडली. वाकड, पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये, तर हिंजवडी दोन्ही महापालिकांच्या बाहेर. चुकीची हद्द लिहिली की पुढचा अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो.

नाव. पावतीवर एक, फलकावर दुसरं आणि फी घेताना क्यूआर कोडवर नवऱ्याचं. आधी एक नाव ठरवा, त्याचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा.

व्यवसायाचा प्रकार. दोन वर्षांची मुलं सांभाळायची असताना ‘नर्सरी स्कूल’ लिहून ठेवलेलं असतं. मग जो तो शाळेचे कागद मागतो.

मोबाईल आणि ईमेल. अर्ज भरणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो. पुढे दुरुस्ती करताना किंवा कागदाची प्रत काढताना ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो माणूस सापडत नाही. आमच्याकडून काम करून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून, नंबर आणि पासवर्ड तुमचाच असू द्या.

या सगळ्यांत दुरुस्ती करता येते. पण ती एका कागदावर थांबत नाही. शॉप अ‍ॅक्टवरून उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), त्यावरून बँक, त्यावरून अन्ननोंदणी असं सगळं परत फिरावं लागतं, आणि तोवर मुलांचे प्रवेश सुरू झालेले असतात.

सुरुवात जागेपासून

भाड्याची जागा असेल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे, नोटरी पुरत नाही. करार नोंदवला असला तरी आतलं एक वाक्य नक्की बघा. तयार मसुद्यात ‘सदर मिळकतीचा वापर केवळ निवासासाठी करण्यात येईल’ असं छापलेलंच असतं. या वाक्यासह पाळणाघर चालवणं म्हणजे करार मोडणं. डिपॉझिट अडकतं ते याच कलमावर. पाळणाघराचा उल्लेख, दिवसाच्या वेळा आणि मुलांची जास्तीत जास्त संख्या सह्या होण्याआधीच करारात घालून घ्या. नंतर बदलायचं तर करार पुन्हा नोंदवावा लागतो: पुन्हा मुद्रांक शुल्क, पुन्हा नोंदणी फी, पुन्हा मालकाचा अंगठा आणि फोटो. मालक अमेरिकेत मुलाकडे गेलेले असतील तर कुलमुखत्यारपत्राचीही व्यवस्था करावी लागते.

मालकाला घरपट्टीचंही आधीच सांगा. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत मिळते, त्यासाठीच पीटी-३ अर्ज भरला जातो. वापर बदलला की ही सवलत आणि बिगरनिवासी आकारणी, दोन्हींचा प्रश्न येतो. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटलाही हे लागू आहे. वाढीव कर कोण भरणार, हे करारातच लिहा.

विजेचंही तसंच. घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, वर्षाला ३६०० पर्यंत असेल, तर महावितरण घरगुती दर लावतं. हे बहुतेकांना माहीत नसतं. काही जण उगाच घाबरतात, तर काही जण अजिबात लक्ष देत नाहीत. दीड टनाचा एसी रोज सात-आठ तास चालला तर त्याचेच महिन्याला दीड-दोनशे युनिट होतात. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन धरून उन्हाळ्यात ३०० कधी ओलांडले ते कळतही नाही. पूर्ण फ्लॅट पाळणाघरालाच असेल तर ही सवलत धरूच नका, आधीच बिगरनिवासी वर्गवारी करून घ्या. तपासणीत सापडलं तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

सोसायटीचं पत्र

आधी तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, ते बघा. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत आणि बोलण्यात दोन्हींना ‘सोसायटी’च म्हणतात. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन वाचा. फ्लॅटच्या वापरावर त्यात बंधन असेल तर नुसत्या अध्यक्षांच्या सहीने काम होत नाही.

‘चेअरमन काका हो म्हणाले’ किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेले अंगठे, याला पत्र म्हणता येत नाही. लेटरहेडवर, शिक्क्यासह, कमिटीच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख घातलेलं ना-हरकत पत्र हवं. पुढच्या वर्षी कमिटी बदलली तरी ठराव राहतो. पत्रात फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, मुलांची संख्या आणि वेळ लिहून घ्या. सोसायटीचा विरोध बहुधा मुलांना नसतो. तो असतो संध्याकाळी सहाला गेटसमोर लागणाऱ्या गाड्यांना आणि लिफ्टमधल्या गर्दीला. मुलांना सोडण्या-नेण्याच्या वेळा अर्ध्या तासाच्या अंतराने कशा वाटल्या आहेत आणि गाड्या कुठे थांबतील, हे अर्जात स्वतःहून लिहिलंत तर अर्धी चर्चा तिथेच संपते. हा अर्ज आम्ही लिहून देतो, आणि गरज असेल तर कमिटीच्या बैठकीलाही येतो.

किती वयाची मुलं घेणार?

यावर बरंच काही ठरतं. तीन ते सहा वयोगटाला तुम्ही ठरवून शिकवणार, वर्ग भरवणार असाल तर तुम्ही पूर्वप्राथमिकच्या कक्षेत येता. त्यासाठी शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये स्वतंत्र नोंदणी पोर्टल सुरू केलं आहे. खासगी प्ले स्कूलसाठीच्या राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितली आहे. फक्त सांभाळणार असाल तर फलकावर ‘स्कूल’ हा शब्द घालू नका.

तान्ह्या मुलांसाठी हे प्रमाण चालत नाही. वर्षाखालच्या तीन मुलांमागे एक ताई, एक ते तीन वर्षांच्या पाच-सहा मुलांमागे एक ताई, आणि जेवणाच्या वेळी एक जण जास्तीची, असं आम्ही सुचवतो. खर्च वाढतो, मान्य आहे. पण एक ताई डायपर बदलायला आत गेली तर बाहेर कोण आहे, हा प्रश्न पालक विचारतातच.

बालन्याय अधिनियमाखालची नोंदणी लागते का, असंही विचारतात. ती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या संस्थांसाठी आहे. दिवसभर मुलं सांभाळून संध्याकाळी पालकांकडे देणारं पाळणाघर त्यात येत नाही. मुलं रात्री मुक्कामी ठेवणार असाल तर मात्र आधी आमच्याशी बोला.

घराची तपासणी

बाल्कनीच्या ग्रिलमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको. आडव्या पट्ट्या असतील तर मुलाला ती शिडीच मिळते, उभे गज लावून घ्या. बाथरूमची आतली खालची कडी काढून टाका, मूल आत कोंडून घेतं. भरलेली बादली ठेवू नका. काही इंच पाणीही रांगत्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. अग्निशामक सिलिंडर एबीसी पावडरचा, काटा हिरव्या पट्ट्यात असलेला, आणि दाराजवळ. स्वयंपाकघरात आत ठेवला तर आग तिथेच लागल्यावर हात पोचत नाही.

इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे ती चालू असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. सोसायटीकडून त्याची प्रत मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते शेवटचं कधी निघालं हे सेक्रेटरींनाही सांगता येत नाही, आणि तुमच्या निमित्ताने सोसायटीचंही काम होतं.

जेवण आणि माणसं

डबा पालकांचा असेल तर प्रश्न नाही. तुम्ही खिमट, वरण-भात, उपमा करून देणार असाल तर फॉस्कॉस या सरकारी अन्नसुरक्षा पोर्टलवर अन्ननोंदणी करा. छोट्या स्वयंपाकघराला नोंदणी पुरते, परवाना लागत नाही. डबेवाल्या काकूंकडून घेणार असाल तर त्यांच्या नोंदणीची प्रत फाइलला लावा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिची ‘सरकारी फी’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रत्येक ताईचं पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र घ्या, चार तास येणाऱ्या बदली ताईचंही आणि घरात राहणाऱ्या प्रौढ पुरुषांचंही. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती एक वर्षापर्यंत होऊ शकते. हे ताईंना कामाच्या पहिल्या दिवशी मराठीत समजावून सांगा आणि सही घ्या. ११२ (पोलीस) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

हे सगळं कंपन्या तपासतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय देणं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने बंधनकारक झालं, आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती तरतूद आहे. म्हणून खराडी, मगरपट्टा, हिंजवडीतल्या कंपन्या जवळच्या पाळणाघरांशी करार करतात. फाइल नीट असेल तर दहा मुलांचं काम एकदम येऊ शकतं.

आम्ही असं का करतो

जागा बघितल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय आम्ही शॉप अ‍ॅक्टचा अर्ज भरत नाही. ‘दुसरीकडे एका दिवसात मिळतं’ हे आम्हाला माहीत आहे. आम्हीही ते एका दिवसात करतो, पण शेवटी. जागा पाहण्याची फी वेगळी घेतो, आणि जागा योग्य नसेल तर तसं स्पष्ट सांगतो. डिपॉझिट भरण्याआधी बोलावलंत तर या फीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. सरकारी फी तुम्ही तुमच्या खात्यातून भरता, पावती तुमच्या नावाने असते. आमची फी टप्प्याटप्प्याने, कागद हातात आल्यावर.

पहिल्या भेटीला येताना इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) किंवा भाडेकराराचा मसुदा, लाईट बिल, घरपट्टीचं बिल, आधार, पॅन आणि फ्लॅटचा हाताने काढलेला साधा नकाशा आणा. दारं, खिडक्या आणि बाल्कनी कुठे आहे ते त्यात दाखवा. शॉप अ‍ॅक्ट आधीच काढला असेल तर तोही आणा. काय बदलावं लागेल ते तिथेच लिहून देतो.