डिझेल मोटारीचे इंजिन ऑइल व फिल्टर

डिझेलवर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनात कोणते वंगण तेल, म्हणजे व्यवहारातल्या भाषेत इंजिन ऑइल, घालावे आणि त्याच्या जोडीने तेल, डिझेल व हवा गाळणारे कोणते फिल्टर बसवावेत, याची निवड तेलाची श्यानता (म्हणजे दाटपणा), त्याची कामगिरीची प्रत आणि गाडीच्या धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा या तीन गोष्टी पाहून केली जाते. पूर्वी हा प्रश्न मुख्यतः तेल जाड की पातळ एवढाच होता. भारतात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-6 मानक लागू झाले आणि डिझेल मोटारीच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा कणगाळक, म्हणजेच डीपीएफ, येऊन बसला. तेव्हापासून इंजिनाला मानवणारे तेल या गाळकालाही मानवेलच असे राहिले नाही, आणि निवडीत शेवटचा शब्द बहुतेक वेळा गाळकाचाच असतो.

डिझेल इंजिनात फक्त हवा दाबली जाते; ती मूळ आकारमानाच्या सुमारे पंधरा ते वीस पटींनी आक्रसून तापली की तिच्यात डिझेलचा फवारा सोडला जातो आणि ते ठिणगीशिवाय पेटते. फवारा आणि हवा सर्वत्र सारख्या प्रमाणात मिसळत नसल्यामुळे काजळी तयार होते, आणि तिचा काही अंश पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरून तेलात मिसळतो. म्हणूनच डिझेल गाडीत घातलेले नवे, मधाच्या रंगाचे तेल काहीशे किलोमीटरांतच काळे होते. डिपस्टिकवरचा, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचा, थेंब बोटांत चोळून ‘ऑइल खराब झाले’ असा निर्वाळा देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण डिझेलच्या बाबतीत ती फसवी आहे. काळेपणाचा अर्थ बहुधा एवढाच, की काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता अधांतरी ठेवणारी तेलातली द्रव्ये आपले काम करीत आहेत. ती द्रव्ये संपली की कणांचे पुंजके होतात, तेल घट्ट होते आणि बारीक वाटांमधून गाळ साचू लागतो. त्यात इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरचा, म्हणजे टर्बोचा, दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंतच्या वेगाने तेलाच्या केवळ एका पातळ थरावर फिरत असतो, त्यामुळे ही हयगय सर्वांत आधी तिथे दिसते.

डब्यावरचा 5डब्ल्यू-30 किंवा 15डब्ल्यू-40 हा आकडा श्यानतेचा असून तो एसएई या अमेरिकेत स्थापन झालेल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे300 या मानकानुसार दिला जातो. ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आहे. 5डब्ल्यू तेलाची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 30 अंश सेल्सियसला, तर 15डब्ल्यूची उणे 20 अंशांना होते. दुसरा आकडा 100 अंशांवरच्या दाटपणाचा असतो: 30 म्हणजे 9.3 ते 12.5 आणि 40 म्हणजे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (हे श्यानतेचे एकक). निफाड किंवा महाबळेश्वरची कडाक्याची थंडीही शून्याच्या आसपास थांबते, तेव्हा 15डब्ल्यूने महाराष्ट्रात गाडी सुरूच होणार नाही अशी भीती निराधार आहे. फरक पडतो तो सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर तेल टर्बोपर्यंत आणि वरच्या व्हॉल्व्हपर्यंत किती लवकर पोहोचते यात. याउलट ‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड ऑइल घाला’ हा सल्लाही जुन्या, ढिल्या फटींच्या इंजिनांच्या काळातला आहे. तापमान थर्मोस्टॅटच्या ताब्यात असलेल्या नव्या इंजिनात तो आंधळेपणाने लावू नये. कार बनवणाऱ्याने पुस्तिकेत एकाहून अधिक श्यानता दिल्या असतील तरच त्यांत निवड करायची असते.

श्यानतेहून महत्त्वाची आहे ती कामगिरीची प्रत, आणि नेमकी हीच दुकानात सर्वांत कमी विचारली जाते. अमेरिकेच्या एपीआय संस्थेच्या पद्धतीत डिझेलच्या प्रती ‘सी’ने सुरू होतात: 1998 ची सीएच-4, 2002 ची सीआय-4, 2006 ची सीजे-4 आणि 2016 च्या अखेरीस आलेली सीके-4. त्यांची बांधणी मुख्यतः ट्रक डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. सीके-4 सोबतच आलेली एफए-4 ही प्रत मुद्दाम पातळ ठेवलेली असून ती जुन्या इंजिनांसाठी नाही. मोटारींसाठी युरोपातील वाहन उत्पादकांच्या एसीईए या संघटनेच्या प्रती अधिक नेमक्या ठरतात. डीपीएफ नसलेल्या अनेक गाड्यांना ए3/बी4 सांगितलेली असते, तर डीपीएफ असलेल्यांना ‘सी’ मालिकेतली, बहुधा सी2 किंवा सी3.

या दोहोंमधला फरक राखेचा आहे. तेल स्वच्छ ठेवणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची आणि झीज रोखणारी जस्ताची संयुगे तेलाबरोबर थोडी थोडी जळतात आणि मागे धातूंची राख उरते. काजळी सुमारे 600 अंशांना जाळून गाळक मोकळा करता येतो. राख जळत नाही, ती गाळकात कायमची बसते. ए3/बी4 मध्ये राखेचे प्रमाण 1.6 टक्क्यांपर्यंत चालते, सी3 मध्ये 0.8 टक्क्यांवर मर्यादा आहे आणि सी4 मध्ये ती 0.5 टक्के आहे. राख कमी ठेवण्याची किंमत मात्र मोजावी लागते. तेलातील आम्ल मारण्याची क्षमता दाखवणारा आधारांक ए3/बी4 ला किमान 10 लागतो, तर सी3 ला 6 पुरतो. डिझेलमधील गंधक जळून आम्ल तयार होते, त्यामुळे दशलक्ष भागांत 500 भाग गंधक असलेल्या बीएस-2 च्या डिझेलवर कमी राखेचे तेल लवकर थकले असते. बीएस-3 मध्ये हे प्रमाण 350, बीएस-4 मध्ये 50 आणि बीएस-6 मध्ये 10 वर आले, आणि त्यानंतरच कमी राखेचे तेल आपल्याकडे निर्धास्त वापरता येऊ लागले. बीएस-6 गाडीत स्वस्तात मिळाले म्हणून ए3/बी4 किंवा ट्रकचे सीआय-4 तेल घातल्यास इंजिन काही काळ तक्रार करणार नाही. गाळक मात्र हळूहळू भरत जातो, आणि तो बदलण्याचा खर्च कित्येक वर्षांच्या ऑइलच्या खर्चाहून जास्त असतो. काही उत्पादक एसीईएवर न थांबता स्वतःची मान्यता-संख्या देतात, उदाहरणार्थ फोक्सवॅगनची 507 00 किंवा मर्सिडीझची 229.52. पुस्तिकेत अशी संख्या असेल तर डब्यावर तीच शोधावी. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ साधणारा टायमिंग बेल्ट तेलातच फिरणाऱ्या इंजिनांत तर चुकीच्या तेलाने तो बेल्टच झडू लागतो.

गाळकातली काजळी जाळण्यासाठी अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारले जाते. त्यातले काही भिंतींवरून ओघळून तेलात उतरते. शहरातल्या रखडत्या वाहतुकीत, पाच-सात किलोमीटरांच्या फेऱ्यांत ही जाळण्याची क्रिया अर्धवट सुटून पुन्हा पुन्हा सुरू होते आणि तेल पातळ होत जाते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसणे ही म्हणूनच आनंदाची गोष्ट नव्हे. वरच्या खुणेपलीकडे गेलेले तेल, ठरलेले किलोमीटर झाले नसले तरी, बदलावे.

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दाला जाहिरातींत जेवढे वजन आहे तेवढे निवडीत देऊ नये. खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेल्या, गट 3 च्या मूळ तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास अमेरिकेतील जाहिरातींच्या स्वयंनियमन मंडळाने 1999 मध्ये मान्यता दिली, आणि आज बाजारात त्या नावाने मिळणारे पुष्कळसे तेल याच गटाचे असते. ते वाईट असते असे नाही, पण प्रत जुळत नसलेले सिंथेटिक हे चुकीचेच तेल होय.

ऑइल फिल्टर काय अडवतो याविषयी बराच गैरसमज आहे. तेलाचा सगळा प्रवाह त्याच्यातून जात असल्यामुळे त्याची छिद्रे फार बारीक ठेवता येत नाहीत; तो प्रामुख्याने वीस-पंचवीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व त्यावरचे धातूचे कण आणि कचरा पकडतो. काजळीचा कण मायक्रॉनहूनही लहान असल्याने तो फिल्टरमधून सरळ पार होतो. कितीही महाग फिल्टर बसवला तरी तेल बदलणे टळत नाही ते यामुळेच. फिल्टर तुंबला किंवा तेल थंडीने दाटले तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. इंजिन बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून रबराचा एक पडदाही असतो. आटे आणि आकार जुळणारा दुसऱ्या गाडीचा फिल्टर घट्ट बसतो खरा, पण त्याचा बायपास वेगळ्या दाबाला उघडत असू शकतो आणि ते बाहेरून कळत नाही. बसवताना नव्या रबरी रिंगला तेलाचे बोट लावतात. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहण्याचे मात्र घाईत राहून जाते, आणि दोन रिंगांवर चढवलेला फिल्टर चालत्या गाडीत सगळे तेल ओकतो.

डिझेल फिल्टर हा तिघांमध्ये सर्वांत नाजूक जबाबदारीचा, आणि काटकसरीचा पहिला बळीही तोच. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या मोटारीतून कॉमन रेल पद्धत, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून उच्च दाबाने डिझेल पुरवण्याची पद्धत, बाजारात आली आणि डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे गेला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). आज तो 2,000 बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही वर असतो. पुण्याजवळच्या रांजणगावातही बनलेल्या आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेल्या फियाटच्या 1.3 लिटरच्या मल्टिजेट इंजिनाने ही पद्धत भारतातल्या लहान मोटारींत घरोघरी नेली. नाशिकमध्ये, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’ असलेल्या बॉशच्या कारखान्यात, या पद्धतीचे, डिझेलचा फवारा सोडणारे इंजेक्टर बनतात; त्यांच्या हलत्या भागांमधल्या फटी मोजक्या काही मायक्रॉनच्या असतात. त्यामुळे डिझेल फिल्टरला ऑइल फिल्टरपेक्षा कितीतरी बारीक कण पकडावे लागतात. शिवाय त्याला पाणी वेगळे करावे लागते. उच्चदाब पंपाचे वंगण डिझेल स्वतःच करते. पाण्याचा थेंब तिथे पोहोचला की वंगणाचा थर तुटतो आणि गंज चढतो. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंड झाली तरी आत ओल धरते. फिल्टरखालचा बोल्ट ढिला करून साचलेले पाणी काढणे, आणि डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागल्यास गाडी तशीच न हाकणे, एवढे पथ्य आवश्यक असते. फिल्टर बदलल्यावर त्यात डिझेल भरून हवा काढावी लागते; नुसता स्टार्टर मारत राहिल्यास पंप कोरडा फिरतो.

एअर फिल्टरविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. किंचित मळलेला कागद नव्याहून अधिक चांगले गाळतो, म्हणून दर आठवड्याला त्यावर कॉम्प्रेसरच्या हवेचा फवारा मारण्याने फायद्याऐवजी कागद फाटण्याचा धोका वाढतो. त्यातून निसटलेली धूळ टर्बोची पाती आणि रिंगा घासते. धुळीच्या रस्त्यांवर तो ठरलेल्या मुदतीच्या आधी बदलावा. एसीचा फिल्टर प्रवाशांसाठी असतो, त्याचा इंजिनाशी संबंध नाही.

भारतीय डिझेल मोटारींत तेल आणि ऑइल फिल्टर सहसा 10,000 ते 15,000 किलोमीटरांवर किंवा वर्षाने, जे आधी होईल तेव्हा, एकत्रच बदलतात. नव्या तेलात जुना फिल्टर ठेवल्यास त्यातले राहिलेले जुने तेल नव्यात मिसळते. काढलेले तेल, म्हणजे ‘जळके ऑइल’, खेड्यांत वाळवी लागू नये म्हणून लाकडाला आणि बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना सर्रास लावले जाते. त्यात झिजलेले धातू आणि काजळीतली कर्करोगकारक संयुगे असतात. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुनर्शुद्धीकरणाकडे पोहोचवण्याची विस्तारित जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.