कॅरॅव्हॅनची ऑनिंग आणि वळवाचं वारं

ऑनिंग म्हणजे कॅरॅव्हॅनच्या किंवा कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दाराच्या बाजूला बाहेर ओढायचं कापडी छत. आपल्याकडे भाड्याने गाडी देणारे तिला सरळ 'छत्री' म्हणतात आणि खरं तर तेच नाव जास्त बरं आहे, कारण छत्रीचं वाऱ्यात काय होतं हे ठाणे स्टेशनच्या बाहेर जूनमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ऑनिंगचं मात्र सांगावं लागतं, कारण लोक तिला छप्पर समजतात, आणि ती प्रत्यक्षात शीड आहे. होडीवर असतं ते शीड, फक्त आडवं बांधलेलं.

ही मूळची युरोपातली गोष्ट. मौजेसाठी म्हणून बांधून घेतलेली पहिली कॅरॅव्हॅन इंग्लंडमध्ये १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टरने केली, घोड्यांनी ओढायची. तिकडे दोन प्रकार चालतात. एक म्हणजे गाडीच्या अंगावरच्या पेटीतून हँडल फिरवून बाहेर येणारी गुंडाळीची ऑनिंग, आणि दुसरी कडेच्या खाचेत सरकवून लावायची पूर्ण तंबूसारखी, तिला भिंती असतात आणि ती काही लोक अख्खा सीझन तशीच उभी ठेवतात. त्या दुसऱ्या प्रकारावरून रुंद पट्टे टाकून दोन्हीकडे जमिनीत मेखा ठोकतात, त्यांना स्टॉर्म स्ट्रॅप म्हणतात, आणि टोकाला स्प्रिंग असते म्हणजे झटका आला की मेख उपटायच्या ऐवजी स्प्रिंग ताणली जाते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आपल्याकडे ज्या गाड्या दिसतात त्यात बऱ्याच ट्रॅव्हलर किंवा पिकअपवर बांधून घेतलेल्या असतात, त्यांना पहिल्याच प्रकारची ऑनिंग असते. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः तिच्याबद्दल.

वाऱ्याचा जोर

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, सगळी गडबड इथे आहे. ३ मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर आलेली ऑनिंग म्हणजे साडेसात चौरस मीटर कापड. वारा ताशी ३६ किमी असेल आणि तो या कापडात सरळ भरला तर ढोबळ हिशोबाने ४५ किलोचा रेटा येतो, तोच ताशी ७२ झाला की १८० किलोच्या वर. समोर दोन बारीक ॲल्युमिनियमचे पाय आणि गाडीच्या पत्र्यात बसवलेले थोडे बोल्ट, त्यांनी काय काय धरायचं? त्यात 'मी धरतो ना पाय' म्हणणारा एक उत्साही भाऊ प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला आधी लांब करा.

पाण्याचा हिशोब वेगळा. १० मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १० लिटर, म्हणजे साडेसात चौरस मीटरवर २० मिमी साचला तर दीडशे किलो पाणी कापडाच्या पोटात. त्यामुळे रिमझिम असली तरी एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवायचा, पाणी एका कोपऱ्यातून वाहून जातं. हे मंडपवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही, गणपतीच्या मंडपाची ताडपत्री बघा, कधीच सपाट नसते.

आपल्याकडचं वारं नेमकं उलटं येतं

इकडच्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्षात घ्यायची गोष्ट ही. मे महिन्यात ठाणे, नवी मुंबई, कर्जत, पनवेल या पट्ट्यात दुपारभर वारा पश्चिमेकडून, खाडीकडून समुद्राकडून येतो. मग शहाणा माणूस काय करतो, तर ऑनिंग आडोशाच्या बाजूला म्हणजे पूर्वेला उघडतो. पुस्तकात असंच सांगितलेलं असतं आणि चुकीचंही नाही. पण वळवाचे ढग बऱ्याचदा सह्याद्रीवर पूर्वेकडे जमतात आणि संध्याकाळी चार-पाचनंतर त्यातून सुटलेलं गार वारं पूर्वेकडून घाट उतरून येतं, म्हणजे दिवसभर आडोशाला असलेल्या ऑनिंगच्या थेट तोंडात. १३ मे २०२४ ला संध्याकाळी धुळीचं वादळ आलं तेव्हा घाटकोपरला ते अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून १७ माणसं गेली, त्या दिवशी ठाण्यातही ज्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या त्यांना आठवत असेल की पाच-दहा मिनिटांत उजेडाचा अंधार झाला होता. इशारा असा फार मिळत नाही.

आपल्या गाड्यांचं दार डावीकडे, म्हणून ऑनिंगही डावीकडे. म्हणजे गाडीचं नाक दक्षिणेला केलं की ऑनिंग पूर्वेला उघडते, नाक उत्तरेला केलं की पश्चिमेला. त्यापेक्षा गाडीचं नाक पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवावं असं माझं मत. दोन्ही वाऱ्यांना गाडीचं अरुंद अंग मिळतं, गाडीही कमी हलते आणि ऑनिंगच्या तोंडात थेट वारा भरत नाही. व्ह्यू थोडा कमी मिळतो, मान्य आहे.

गार वारा अंगावर आला, मातीचा वास सुटला, सगळे 'आहाहा' करून मोबाइल काढतात. ऑनिंग मिटायची वेळ तीच. पाऊस यायच्या आधी येणारा तो झोत सगळ्यात वाईट असतो. धूळ आणि कागद उडायला लागले, झाडाच्या बारक्या फांद्या हलायला लागल्या म्हणजे वारा ताशी २० ते २८ किमीच्या आसपास आहे, तेवढ्यावर गुंडाळायला घ्या. तारा वाजायला लागल्या आणि हातातली छत्री आवरेना झाली तर वारा ४० च्या आसपास पोचला, तोवर उशीर झालेला असतो. आणि रात्री झोपताना आकाश कितीही स्वच्छ असलं तरी मिटूनच झोपायचं, यात चर्चा नाही.

तणावे आणि मेखा

थोडावेळ उघडी ठेवायची असेल तरी तणावे हवेतच. दोरी जमिनीशी साधारण ४५ अंशात, मेखेचं डोकं ऑनिंगपासून लांब कललेलं, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात काटकोन होतो. नवीन लोक बरोबर उलटं ठोकतात. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, सुती दोरी भिजली की आवळते, म्हणून पाऊस पडून गेला की हात लावून बघायचा. मुरमात जाड लोखंडी मेख लागते, गाडीबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा तिथे वाकतात. काशिद-अलिबागच्या वाळूत मेख उभी ठोकून काही उपयोग नाही, तिथे गोणीत वाळू भरून दोरी बांधून आडवी पुरायची.

नवख्यांना मदत

मेअखेर ते जूनचा मध्य हा भंडारदऱ्याच्या काजव्यांचा सीझन, आणि ठाण्याहून कसारा-घोटीमार्गे निघालेल्या भाड्याच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदाच कॅम्पिंगला निघालेली कुटुंबं भरपूर. वळीवही तेव्हाच. गाडी ताब्यात देताना गिझर, टीव्ही, म्युझिक सगळं दाखवतात, ऑनिंगचं हँडल कुठे ठेवलंय ते दाखवत नाहीत. आमच्या वेळी ते सीटखालच्या स्टेपनीच्या पिशवीत होतं आणि आम्हाला ते सापडलं तेव्हा ऑनिंग टपावर उलटी पडलेली होती. मोटरवाली असेल तरी हाताने फिरवायचा दांडा असतो, निघायच्या आधी मागून घ्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा उघडून-मिटून बघा.

शेजारच्या नवख्याला सांगायचं कसं हा खरा प्रश्न. 'अहो तुमचं चुकलंय' म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो, त्यात बायकोमुलं समोर असतात. 'दादा, आम्ही आमची मिटतोय, वारं सुटेलसं वाटतंय, तुमचीही बरोबरच घेऊ का, दोन माणसं लागतात' असं म्हटलं की काम होतं. आणि खरं तर तीन लागतात: दोघं समोरच्या दांड्याला दोन टोकांना, एकजण हँडलवर. ऑनिंग एकदा उडून टपावर गेली तर तिच्यामागे धावायचं नाही, माणसं गाडीत, वारा पडला की मग वरून दोरी टाकून बांधायची. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किमी लांब. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप विजेसाठी चांगलं आहे.

हवामान खात्याचा इशारा बघताना जिल्हा नीट बघा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर-पनवेल रायगडमध्ये, पवना पुणे जिल्ह्यात आणि भंडारदरा अहिल्यानगरमध्ये. घरचा यलो अलर्ट बघून निघालेल्यांना तिकडे ऑरेंज असल्याचं माहीतच नसतं.

पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी भिंतीवाल्या ऑनिंगच्या आत किंवा गाडीत घ्यायची नाही, विझत आलेली असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कणसं राहू देत.

ओली ऑनिंग गुंडाळली तर चालते, पण एक-दोन दिवसांत उघडून वाळवावी लागते, नाहीतर काळी बुरशी धरते आणि ती जात नाही. ठाण्यात जुलैमध्ये ऊन कुठलं, म्हणून लोक स्टिल्ट पार्किंगमध्ये ऑनिंग उघडून खाली टेबलफॅन लावून ठेवतात, आणि वॉचमनकाका अर्ध्या तासाने विचारायला येतात की मांडव कोणाच्या लग्नाचा.