बिबट्या, वाघाटीचे विषाणू तपासायचेत? कोल्हापुरात परवानगीचा अर्ज असा करा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचून बघा. प्राणी पकडणं, त्याला सापळा लावणं, त्याच्या शरीराचा कोणताही भाग घेणं, सगळं त्या एकाच शब्दात बसवलंय. म्हणजे राधानगरीच्या बिबट्याच्या रक्ताची एक नळी हवी असेल, तरी आधी हातात शिकारीचाच परवाना लागतो. तो कलम १२ खाली 'शास्त्रीय संशोधना'साठी मिळतो. विद्यापीठातली पोरं हे ऐकून हसतात, आणि फाईल परत आली की मग कलम शोधायला लागतात.

हा खटाटोप कशासाठी, ते थोडक्यात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले आणि त्यामागे कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचं निदान झालं. आपल्याकडे बिबट्या उसात राहतो, गावची कुत्री खातो. धोका कुठून येणार, हे वेगळं सांगायला नको.

अर्ज कोण करू शकतं?

कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो. प्रत्यक्षात एकट्यादुकट्याच्या अर्जाला फारसं वजन नसतं. विद्यापीठ, पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था अर्जदार असावी. पीएचडीचा विद्यार्थी असेल, तर मार्गदर्शकाच्या सहीनेच अर्ज जाऊ द्या. जनावर बेशुद्ध करून रक्त किंवा स्वॅब (नाका-तोंडातून काडीवर घेतलेला नमुना) घ्यायचा असेल, तर पथकात पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेला डॉक्टर हवाच. प्राणिशास्त्राची पदवी तिथे चालत नाही. आपल्याला जवळ म्हणजे शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. त्यांना सहभागी करून घेतलंत तर अर्धं काम सोपं होतं.

अर्ज कुणाच्या नावे?

राज्याचे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) हेच मुख्य वन्यजीव रक्षक असतात आणि ते नागपुरात बसतात. अर्ज त्यांच्या नावे करायचा. पण स्थानिक अधिकाऱ्याचा अभिप्राय फाईलला लागतोच, म्हणून प्रत आधी इथे द्या. राधानगरी अभयारण्यासाठी वन्यजीव विभाग, अभयारण्याबाहेरच्या जंगलासाठी आणि उसाच्या पट्ट्यासाठी कोल्हापूरचे उपवनसंरक्षक, चांदोलीच्या बाजूला जायचं असेल तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक. त्यांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायलाही कलम २८ खाली वेगळी परवानगी लागते. दोन्ही मागण्या एकाच अर्जात स्पष्ट लिहा.

वाघ, बिबट्या आणि वाघाटी (छोटं रानमांजर) हे कायद्याच्या अनुसूची १ मधले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले. त्यांच्या बाबतीत राज्याला कलम १२ चा परवाना देण्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. फाईल नागपूरहून दिल्लीला जाऊन परत येणार, हे धरूनच वेळापत्रक आखा. कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोड सुरू झाली आणि फडात पिल्लं सापडायला लागली की मग अर्जाला पळणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एक खाचखळगा नावाचा. मराठीत 'वाघाटी' म्हणून दोन वेगवेगळी मांजरं ओळखली जातात: प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस आणि त्याहून लहान, तांबूस ठिपक्यांचं प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस. अर्जात शास्त्रीय नाव घाला, नाहीतर परवाना एकीचा आणि नमुना दुसरीचा व्हायचा.

कागदपत्रं

संस्थेचं पत्र, पथकातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र आणि शैक्षणिक माहिती, डॉक्टरचं नोंदणी प्रमाणपत्र, निधी कुठून येतो त्याचा कागद, आणि अहवालाची प्रत वनखात्याला देण्याचं हमीपत्र. ही भरती कुणीही करतो. फाईल खरी तोलली जाते ती संशोधन प्रस्तावावर, आणि तिथेच बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. 'विविध विषाणूंची तपासणी' असं लिहू नका. कोणता विषाणू, कोणत्या नमुन्यातून, कोणत्या चाचणीने, ते लिहा. पार्वो गटातला विषाणू चिवट असतो, तो विष्ठेतून शोधता येतो आणि जनावराला हातही लावावा लागत नाही. डिस्टेंपरचा विषाणू नाजूक. त्याला ताजा स्वॅब किंवा रक्त, आणि न तुटणारी शीतसाखळी लागते. रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे जनावराची त्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळतं. विषाणू आत्ता अंगात आहे का, ते पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, सांगते. हा फरक प्रस्तावात दिसला की वाचणाऱ्याला कळतं, समोरच्याला विषय माहीत आहे.

विष्ठेवरच काम करणार असाल, तर ती नेमकी कुणाची हे डीएनएवरून ठरवणार असल्याचं नमूद करा. जंगलातल्या वाटेवर कुत्र्याची आणि बिबट्याची विष्ठा नजरेने ओळखण्यात भलेभले चुकतात. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं संमतीपत्र जोडा. नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल किंवा परदेशी भागीदार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आणि साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) खालचे कागद हा निराळाच डोंगर आहे. शक्यतो तपासणी इथेच करा.

माझा सल्ला विचाराल, तर नमुन्यासाठी मुद्दाम पिंजरा लावायची परवानगी मागूच नका. वनखातं विहिरीत पडलेला किंवा गावात शिरलेला बिबट्या पकडतं, त्याला भूल देतं, तेव्हा त्यांच्याच डॉक्टरांकडून जादा एक नळी रक्त मिळावं, एवढी मागणी करा. जनावराला नवा त्रास नाही, त्यामुळे साहेबांनाही सही करणं सोपं जातं.

आणि सुरुवात गावच्या कुत्र्यांपासून केली तर आणखी बरं. पाळीव कुत्र्याच्या रक्ताला वन्यजीव परवाना लागत नाही. मालकाची लेखी संमती, नोंदणीकृत डॉक्टर आणि ग्रामपंचायतीला पत्र एवढ्यावर काम होतं. गंमत बघा, अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या पशुधनाचं लसीकरण करायची तरतूद कलम ३३अ मध्ये आहे. पण कायद्यातल्या पशुधनाच्या यादीत याक आहे, बदक आहे, कुत्रा मात्र नाही.

मेलेला किंवा आजारी बिबट्या, वाघाटी दिसली तर?

त्याला अर्ज नको. हात लावू नका, स्वॅब तर अजिबात घेऊ नका. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता. तो किंवा त्याचा अवयव तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. फडात पिल्लं सापडली तरी आधी हाच फोन करायचा. तुमच्याकडे परवाना असला तरी त्यातलं ठिकाण, मुदत आणि प्राणी जुळत असेल तरच पुढे व्हा, आणि परवान्याची प्रत खिशात ठेवा. नाक्यावरचा वनरक्षक तुम्हाला ओळखत नसतो.