हाय-पॉवर: काडतुसानं घडवलेलं पिस्तूल

मराठवाड्यात फौजदाराच्या कमरेला दिसणारं ९ एमएम पिस्टल आणि परवानाधारकाचं .३२ बोअरचं पिस्तूल वरून सारखीच वाटतात. आतली रचना मात्र वेगळी असते, आणि ती काडतूस ठरवतं. बेल्जियममध्ये बनलेलं हाय-पॉवर हे ९ एमएम पिस्तूल याचं चांगलं उदाहरण.

.३२ ची गोळी जेमतेम ४.६ ग्रॅमची. तिचा धक्का स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचं, वजन आणि स्प्रिंग मिळून पेलतात, म्हणून नळी चौकटीला पक्की बसवली तरी चालतं. ९×१९ ची, म्हणजे ९ एमएम काडतुसाची, गोळी ७.५ ते ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. ऊर्जा अडीचपटीहून जास्त. इथे नळी आणि स्लाइड खाचांनी एकमेकींत अडकवावी लागतात. दोन्ही काही मिलिमीटर जोडीनं मागे येतात, तोवर गोळी नळीबाहेर पडून दाब उतरलेला असतो. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड एकटी मागे जाते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. अमेरिकी १९११ पिस्तुलात नळी खाली ओढायला छोटी हलती कडी होती. हाय-पॉवरमध्ये नळीखालच्या ठोकळ्यातली तिरकी खाच तेच काम करते. झिजणारा एक भाग कमी झाला!

फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीसाठी हाय-पॉवरचं काम हाती घेतलं. १९२६ मध्ये ते वारले. एफएनचे रचनाकार दियुदोने सेव्ह यांनी ते पुरं केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात आलं. आपल्याकडचं इशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं ‘१ए’ पिस्तूल याच घराण्यातलं.

सेव्ह यांचं खरं देणं म्हणजे १३ राउंडचं मॅगझीन. काडतुसं आत दोन रांगांत बसतात आणि वर एकाच तोंडाशी येतात. ते तोंड किंचित जरी वाकलं, तरी राउंड तिरका चढतो आणि पिस्टल अडकतं. म्हणून मॅगझीन फरशीवर आपटू देऊ नये. जुन्या नळ्यांची चढण, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा उतार, गोल नाकाच्या गोळीसाठी केलेली. पोकळ टोकाची गोळी तिथे अडखळते.

मे महिन्यात काळ्या मातीची धूळ जादा तेलाला चिकटते आणि स्लाइड पूर्ण पुढे बसत नाही. साफसफाईआधी मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. मॅगझीन काढल्यावर मूळ हाय-पॉवरचा चाप चालत नाही, पण त्या सोयीवर विसंबू नका. स्लाइडच्या खोबणीत थेंबभर तेल पुरे; मॅगझीन आतून कोरड्या चिंधीनं पुसून कोरडंच ठेवा.