भेटता येत नाही आणि कुणाला सांगू नकोस: रोमान्स स्कॅमची पार्श्वभूमी

विदोक नावाचा एक फ्रेंच माणूस होता, आधी स्वतः गुन्हेगार, जेलमधून पळालेला, आणि नंतर पॅरिस पोलिसांच्या गुन्हे शोधणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. १८२८ च्या सुमारास त्याच्या आठवणी छापून आल्या, त्यात बिसेत्र तुरुंगातल्या कैद्यांचा एक धंदा सांगितलाय. हे कैदी आत बसून अनोळखी पैसेवाल्या लोकांना पत्रं लिहायचे. गोष्ट साधारण अशी, की मी एका मोठ्या सरदाराचा नोकर, क्रांतीच्या धामधुमीत मालकासोबत पळताना सोन्या-हिऱ्यांची पेटी वाटेत टाकून द्यावी लागली, आता मी अडकलोय, थोडी मदत केलीत तर पेटी सापडेल आणि तुमचाही वाटा. विदोक म्हणतो की अशी शंभर पत्रं गेली तर वीसजणांची उत्तरं हमखास यायची.

शंभरात वीस. ना फोटो, ना फोन, नुसता कागद आणि एक गोष्ट. म्हणून कुणी ऑनलाइन प्रेमात फसलं (खोट्या प्रेमाच्या नावाने पैसे उकळायचं हेच ते रोमान्स स्कॅम) की "एवढं साधं कसं कळलं नाही" असं जे लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, कारण समोरचा जो डाव खेळतोय तो दोनशे वर्षं घासून पुसून तयार झालेला आहे आणि फसणारा माणूस तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत असतो.

पुढे ही पत्रं 'स्पॅनिश कैदी' या नावाने जगभर फिरली, १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर लिहिलं तेव्हाच तो प्रकार जुना समजला जात होता. स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस खोट्या आरोपाखाली अडकलाय, त्याला सोडवायला पैसे हवेत. आणि बऱ्याच पत्रांमध्ये त्याची एक तरुण सुंदर मुलगी असायची, तिचा सांभाळ करा, जमलं तर तिच्याशी लग्न करा. पैशाच्या लालचेला प्रेमाची जोड मिळाली ती इथे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे तुरुंग. तुरुंगातला माणूस भेटायला येऊ शकत नाही, हे कुणालाही पटतं. आणि प्रकरण नाजूक आहे, बाहेर फुटलं तर त्याच्या जिवाला धोका, म्हणून कुणाला बोलू नका, हेही पटतं. न भेटायचं कारण आणि गप्प राहायचं कारण, ही दोन तयार झाली की पैसे मागायची वाट मोकळी. यानंतर जे जे आलं त्यात ही दोन कारणं शोधा, प्रत्येक वेळी सापडतील.

लग्नाच्या जाहिराती तर त्याहून जुन्या, इंग्लंडमध्ये १६९५ साली छापलेली सापडते. एकोणिसाव्या शतकात घरदार सोडून लांब गेलेल्या एकट्या लोकांची संख्या वाढली तशा त्या खूप वाढल्या, आणि त्यातल्या बहुतेक खऱ्याच होत्या, त्यातून लोकांचे संसार झालेत. पण अमेरिकेत इंडियाना राज्यात ला पोर्ट गावाजवळ बेल गनेस नावाची नॉर्वेहून आलेली विधवा शेती सांभाळत होती, ती नॉर्वेजियन भाषेतल्या पेपरांत जाहिरात देऊन आपल्याच देशाच्या एकट्या पुरुषांना बोलवायची. तिची पत्रं नंतर मिळाली. एकाला ती लिहिते, सगळं विकून ये, पैसे कपड्यात शिवून आण, कायमचं राहायच्या तयारीने ये, आणि अगदी जवळच्या नातेवाइकालाही यातलं एक अक्षर सांगू नकोस. तो गेला आणि परत आलाच नाही. १९०८ च्या एप्रिलमध्ये तिचं घर जळालं, त्यानंतर त्या माणसाचा भाऊ शोधत तिथे पोचला, कुणी फारसं मनावर घेत नव्हतं तरी खणा म्हणून मागे लागला आणि आवारात एकामागून एक प्रेतं निघाली. म्हणजे ज्याला सांगू नकोस म्हटलं होतं त्यानेच हे उघड केलं. (फ्रान्समध्ये लांद्रूनेही पहिल्या महायुद्धाच्या काळात अशाच जाहिरातींनी विधवांना गाठून लुटलं आणि मारलं, त्याला १९२२ मध्ये फाशी नाही, गिलोटिन झालं.)

खून करणारे हे अपवाद होते. त्यांना माणूस प्रत्यक्ष समोर यायला हवा होता, आणि त्यात पकडलं जायचा धोकाही मोठा. धंदा म्हणून जे टिकलं ते न भेटता चालणारं. डोनाल्ड लाउरी नावाच्या माणसाने अमेरिकेत इलिनॉयमधून अनेक वर्षं हजारो एकट्या पुरुषांना काल्पनिक मुलींच्या नावाने प्रेमपत्रं पाठवली, छापील पत्रंच ती, पण वाचणाऱ्याला वाटावं फक्त माझ्यासाठी लिहिलंय, आणि त्यावर देणग्या गोळा केल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला तेव्हा ती पत्रं घेणारेच काही पुरुष कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहिले. हसण्यासारखं नाहीये हे. त्या पत्रांनी आम्हाला जगवलं असं वाटणारी माणसं होती ती, आणि आजही बँकेतला माणूस "हा फ्रॉड आहे, पैसे पाठवू नका" सांगतो तेव्हा लोक बँकेशी भांडतात ते याच कारणाने. आपलं माणूस विरुद्ध अनोळखी कर्मचारी, अशी निवड असते ती.

त्याच काळात लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात कर्क्सी निक्स हा जन्मठेपेचा कैदी समलिंगी पुरुषांच्या मासिकांत खोट्या जाहिराती देऊन पत्रमैत्री करायचा आणि मग थोडीशी कायदेशीर अडचण आलीय, एवढे पैसे भरले की मी तुझ्याकडे येतो, असं सांगून पैसे उकळायचा. सावज मुद्दाम असं निवडलेलं की तक्रार केली तर आपण कोण आहोत हे घरी-ऑफिसात कळेल, त्यामुळे कुणी तोंड उघडायचंच नाही. हे पैसे इतके झाले की त्याच्या वादातून १९८७ मध्ये मिसिसिपीत बिलॉक्सी इथे एका न्यायाधीशाचा आणि त्यांच्या पत्नीचा खून झाला. लाज हे हत्यार म्हणून किती चालतं ते इथे स्पष्ट दिसतं, आणि आज नको ते फोटो मागून नंतर धमकावणारे लोक तेच हत्यार वापरतात.

मग इंटरनेट आलं. १९९५ मध्ये जोडीदार शोधायची मॅच डॉट कॉम साइट, मग सोशल मीडिया, २०१२ मध्ये टिंडर हे डेटिंग अ‍ॅप. दुसरीकडे नायजेरियात १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले, शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि स्पॅनिश कैद्याचंच नवं रूप पत्राने, फॅक्सने, मग ईमेलने बाहेर पडायला लागलं, तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून त्याला ४१९ म्हणतात. २००० नंतर सायबर कॅफेत बसणाऱ्या पोरांना 'याहू बॉइज' नाव पडलं आणि त्यांनी ४१९ ची गोष्ट सोडून प्रेमाची गोष्ट धरली. त्यांच्याकडे 'फॉरमॅट' असतात, म्हणजे तयार मजकूर. पहिल्या दिवशी काय लिहायचं, आठवड्याने काय, बायको कॅन्सरने गेली हे कधी सांगायचं, मुलगी हॉस्टेलला आहे हे कधी, पैसे कधी मागायचे. फोटो कुणा तरी खऱ्या माणसाचे चोरलेले, अमेरिकन सैनिकांचे तर इतके की अमेरिकन लष्कराला वर्षानुवर्षं सांगावं लागतंय की सैनिकाला सुट्टीसाठी किंवा घरी यायला कुणा बाहेरच्याकडून पैसे लागत नाहीत. समुद्रातल्या तेलाच्या रिगवरचा इंजिनियर, परदेशी तैनात अधिकारी, जहाजावरचा कॅप्टन ही पात्रं उगाच नाही निवडलेली, तुरुंगासारखीच ती जागा आहे, भेट नाही, नेटवर्क खराब म्हणून व्हिडिओ नाही, आणि कधीही अपघात होऊ शकतो.

अर्थात हे एकाच देशाचं काम असं समजू नका, आयव्हरी कोस्ट, घाना, पूर्व युरोप, आग्नेय आशिया, सगळीकडून चालतं.

पैसे जायचा रस्ताही बदलत गेला. आधी पाकिटातून रोख, मग मनी ट्रान्सफर. वेस्टर्न युनियनने आपल्या सेवेतून चाललेल्या अशा फसवणुकीकडे काणाडोळा केल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये अमेरिकन सरकारसोबत ५८.६ कोटी डॉलर भरायची तडजोड केली. मग गिफ्ट कार्ड, आता क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं ऑनलाइन चलन. प्रत्येक वेळी रस्ता असा की एकदा पैसे गेले की मागे आणणं जवळपास अशक्य. म्हणून समोरचा कितीही गोड असो, पैसे कसे मागतोय हे बघा, गिफ्ट कार्डावरचा नंबर खरवडून त्याचा फोटो पाठव म्हणाला तर तिथेच उत्तर मिळालं.

मोनिका व्हिटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या आणि सहकाऱ्याच्या २०१२ च्या अभ्यासात एकट्या ब्रिटनमध्ये साधारण २ लाख ३० हजार लोक यात सापडले असतील असा अंदाज निघाला. त्यांनी टप्पे मांडलेत, आदर्श वाटेल असं प्रोफाइल, मग रोज सकाळ-संध्याकाळ मेसेज करून जवळीक, मग छोटी मागणी, मग मोठं संकट, आणि काहींच्या बाबतीत फसवणूक कळल्यावरही पुन्हा त्याच जाळ्यात ओढणं. अभ्यासात एक गोष्ट परत परत येते, लोकांना पैशापेक्षा नातं गेल्याचं दुःख जास्त होतं, काहीजण म्हणतात घरातलं कुणी वारल्यासारखं वाटलं. घरचे मात्र फक्त पैशाचा हिशेब विचारत बसतात.

अमेरिकेत २०२२ मध्ये जवळपास ७० हजार लोकांनी रोमान्स स्कॅमची तक्रार केली, नुकसान १.३ अब्ज डॉलर, आणि हे फक्त तक्रार केलेल्यांचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कुठल्या थापा मारल्या गेल्या तेही मोजलं, तर सगळ्यात वर, २४ टक्के, मी किंवा माझं कुणी आजारी, जखमी नाहीतर तुरुंगात आहे. तुरुंग अजून सुटलेला नाही. पण त्याच यादीत १८ टक्क्यांवर एक नवीन थाप आहे, मी तुला गुंतवणूक शिकवतो.

ही थाप म्हणजे अलीकडचा सगळ्यात घातक प्रकार, पिग बुचरिंग, म्हणजे डुकराला आधी खाऊ घालून पोसायचं आणि मग कापायचं. सुरुवात चीनमधल्या टोळ्यांपासून झाली, मग कंबोडिया, म्यानमारच्या सरहद्दीवर बस्तान बसलं. कंबोडियाने २०१९ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, पाठोपाठ कोविड आला, कॅसिनो रिकामे पडले आणि त्याच इमारतींत स्कॅमची कारखानदारी सुरू झाली. इथे सुरुवातीला कुणी पैसे मागतच नाही. चुकून आल्यासारखा मेसेज येतो, सॉरी राँग नंबर, मग गप्पा, मग महिनाभर काहीच नाही, नुसतं जेवलास का, झोपलीस का. मग सहज बोलता बोलता काकांनी शिकवलेलं ट्रेडिंग. तुम्हीच विचारता, तुम्हीच थोडे पैसे टाकता, अ‍ॅपवर नफा दिसतो, आणि पहिल्यांदा थोडे काढूही देतात. विश्वास बसतो तो त्या काढलेल्या पैशांमुळे. मोठी रक्कम टाकल्यावर काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात. अ‍ॅप त्यांचंच, आकडे त्यांचेच. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका छोट्या बँकेचा प्रमुखच असल्या क्रिप्टो जाळ्यात अडकला, त्याने बँकेचे ४ कोटी ७१ लाख डॉलर त्यात घातले, २०२३ मध्ये बँक बुडाली आणि त्याला २४ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. पैशातलं ज्याला कळतं तोही वाचत नाही.

आणि मेसेज टाइप करणारा? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक जबरदस्तीने या कामाला जुंपलेले असू शकतात. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, टार्गेट चुकलं की मार खाणारी पोरं. म्हणजे "जेवलीस का" लिहिणाराच कोंडलेला असू शकतो, फक्त ते तो कधी सांगत नाही.

आता व्हिडिओ कॉलचाही भरवसा राहिला नाही. हाँगकाँग पोलिसांनी २०२४ च्या ऑक्टोबरात २७ जणांना पकडलं, डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे लावून व्हिडिओवर बोलायचे, ४ कोटी ६० लाख डॉलर गोळा केलेले. पुढच्या जानेवारीत फ्रान्समधल्या एका बाईंची बातमी आली, ब्रॅड पिट असल्याचं भासवून, हॉस्पिटलमधले बनावट फोटो पाठवून त्यांचे ८ लाख ३० हजार युरो नेले होते. त्यांची ऑनलाइन इतकी टिंगल झाली की चॅनेलने तो कार्यक्रम काढून टाकला. याचा खूप राग येतो मला. त्या बोलल्या म्हणून बाकीच्यांना कळलं, आणि आपण त्यांनाच गप्प बसवलं, पुढच्या स्कॅमरला हवं तेच केलं.

तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे का ते सर्च करून बघा जरूर, पण एआयने बनवलेला चेहरा सर्चमध्ये सापडत नाही, त्यामुळे काही आलं नाही म्हणजे माणूस खरा असं नाही. डेटिंग अ‍ॅपवरून लगेच दुसऱ्या चॅटवर चला म्हणणं, भेट ठरवली की ऐन वेळी काहीतरी होणं, आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे तुमच्या बहिणीला, मित्राला, मुलाला यातलं सांगू नको असा आग्रह. ज्याला सांगायचं नाही म्हणतात त्यालाच ते चॅट वाचायला द्या. आणि घरातलं कुणी अशा नात्यात दिसलं तर ओरडू नका, ओरडलं की ते माणूस उलट स्कॅमरकडे जाऊन रडतं.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार, चॅट डिलीट करू नका. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत देशातल्या देशात ट्रान्सफर केलेले ८५ हजार पौंडांपर्यंतचे पैसे बँकांनी परत द्यायचा नियम आलाय, क्रिप्टोने किंवा परदेशी गेलेले पैसे त्यात येत नाहीत. आणि काही दिवसांनी वकील, हॅकर नाहीतर कुठल्याशा तपास संस्थेच्या नावाने मेसेज येईल की तुमचे पैसे सापडलेत, थोडी फी भरा. तुमचं नाव-नंबर त्याच टोळीकडून विकत घेतलेलं असतं किंवा तीच टोळी असते, फी भरू नका आणि तो नंबरही तक्रारीत लिहा.